समाजकार्य, बालविकास, सामाजिक विविधता: प्रवेश घेण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. मी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, बारा वर्षं वस्त्यांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये काम केलं, आता एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य बघते. दरवर्षी प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

समाजकार्य म्हणजे समाजसेवाच ना? त्याला डिग्री कशाला?

हा प्रश्न बहुतेकदा वडील विचारतात आणि मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. वह्या वाटणं, पूर आला की धान्य गोळा करणं ही समाजसेवा. तिला डिग्री लागत नाही, लागूही नये. समाजकार्याचा प्रश्न त्यापुढचा: वह्या मिळूनही ते पोरगं शाळेत का दिसत नाही?

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवेला चार पैसे देऊन वाटेला लावणं सोपं होतं. त्यांनी बाळंतपण गुपचूप आणि सुखरूप होईल अशी जागा दिली, बाळ वाढवायची सोय केली, आणि तिथं जन्मलेल्या यशवंतला स्वतः दत्तक घेतलं. एका बाईची अडचण, तिला छळणारी रीत आणि त्यावर उभी करायची व्यवस्था, तिन्हींकडे एकदम बघायचं. आजच्या अभ्यासक्रमात याचेच पेपर पाडले आहेत: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन, सामाजिक कृती.

कुठे शिकता येतं?

देशातली समाजकार्याची पहिली संस्था मुंबईत निघाली. १९३६ साली नागपाड्यात, क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावानं. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. वस्ती बघायला लांब जावंच लागू नये अशा जागी ती सुरू झाली, हे मला आजही आवडतं. टिसचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून. नागपुरात तिरपुडे आणि मातृ सेवा संघाचं महाविद्यालय, कोल्हापुरात सायबर नावाची संस्था. याशिवाय बहुतेक विद्यापीठांच्या हद्दीत एखादं तरी समाजकार्य महाविद्यालय सापडतंच.

टिसची पदवी एम.ए. (सोशल वर्क) अशी असते, बाकी बहुतेक ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. नाव वेगळं म्हणून घाबरू नका. टिसच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इतर ठिकाणी विद्यापीठाची किंवा महाविद्यालयाची स्वतःची पद्धत असते, ती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. मागच्या वर्षी ताईनं काय केलं होतं यावर विसंबू नका.

बालविकास शिकायचा तर एम.एस.डब्ल्यू. करू की गृहविज्ञानातलं मानव विकास?

दोन्ही वाटा बालवाडीच्या दारापर्यंत येतात, पण वेगवेगळ्या बाजूंनी. मानव विकासवाली मुलगी मुलाकडे आधी बघते: वय किती, पेन्सिल कशी धरतो, दोन शब्दांचं वाक्य कधी जुळवलं, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबतो का. समाजकार्यवाली आधी दाराबाहेर बघते: हे मूल आलं, शेजारच्या झोपडीतलं का आलं नाही? नोकरीला लागल्यावर दोघींना एकमेकींची वही वाचावीच लागते.

एसएनडीटी महिला विद्यापीठात मानव विकास हा जुना आणि भक्कम विषय आहे. अर्थात, तिथं प्रवेश फक्त मुलींना. तुम्हाला मुलांसोबत रोज तासन्‌तास बसायला आवडत असेल तर मानव विकास घ्या. आई-बाप, सरपंच, सेविका, पोलीस, तहसील कचेरी या सगळ्यांशी डोकं लावायची तयारी असेल तर समाजकार्य.

मी बी.कॉम. आहे. चालेल का?

चालतं. एम.एस.डब्ल्यू.ला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात. बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदवी, करून आलेल्यांना पहिले काही महिने सोपे जातात, एवढाच फरक. वाणिज्यवाल्यांना संस्थेचा हिशेब आणि प्रकल्पाचं अंदाजपत्रक कळतं, आणि पुढे हीच मुलं संस्थेत सगळ्यात आधी कायम होताना मी पाहिली आहेत.

क्षेत्रकार्य म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

हा खरा विषय. बाकी पेपर त्याच्या आजूबाजूला.

बहुतेक महाविद्यालयांत आठवड्यातले दोन दिवस वर्ग नसतो. तुम्हाला एखादी संस्था, वस्ती, रुग्णालय, बालगृह किंवा अंगणवाडी प्रकल्प नेमून देतात. तिथं जायचं, काम करायचं, आणि त्याचा अहवाल लिहून पर्यवेक्षकाला दाखवायचा. दर आठवड्याला त्यावर चर्चा. शिवाय सुरुवातीच्या अभ्यासभेटी, एक ग्रामीण शिबिर, आणि शेवटी सलग काही आठवड्यांचं ब्लॉक प्लेसमेंट. क्षेत्रकार्यात नापास झालात तर बाकी पेपरांतले गुण वाचवायला येत नाहीत.

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांची तक्रार एकच असते: "मॅडम, तिथं कुणी काही कामच सांगत नाही." सांगणार नाहीतच. सेविकेला तिची रजिस्टरं आहेत, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचाय, गरोदर बाईचं वजन घ्यायचंय. तुम्ही तिच्या दृष्टीनं आणखी एक पाहुणे. मी सांगते की पहिले चार दिवस फक्त बसा. मुलं कुठल्या दिशेनं येतात, कोण कुणाला आणतं, खाऊचा वास सुटल्यावर किती वाढतात, डबा घेऊन कोण लगेच परत जातं, एवढं बघा.

आणि मग लिहा. लिहायची माझी एक सक्त पद्धत आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे जे पाहिलं, ऐकलं, मोजलं ते. उजवीकडे जे वाटलं ते. डावीकडं रिकामं आणि उजवीकडं भरलेलं पान मी तपासत नाही, परत देते.

ही पद्धत कुठून आली ते सांगते. माझी एक विद्यार्थिनी रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवरच्या अंगणवाडीत जात होती. चार वर्षांच्या एका मुलाबद्दल तिनं लिहिलं: "मूल बुजरं आहे. भाषाविकास मंद. चित्रं ओळखत नाही." मी विचारलं, कुठली चित्रं? सफरचंद, आगगाडी, सिंह. कुठल्या भाषेत विचारलं? मराठीत, पुस्तकी मराठीत. पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले. मुलगा तसाच गप्प. मदतनीस बाई त्याच वाडीतली. ती पातेलं घासता घासता कातकरीत काहीतरी म्हणाली, आणि मुलगा सुरू झाला. कशाबद्दल? खेकड्यांबद्दल. बीळ कसं ओळखायचं, हात कुठून घालायचा, नांगी कशी दाबून धरायची. हातानं करून दाखवत होता. मदतनीस बाई आम्हाला सांगत होती आणि आमची पोरगी भराभर लिहीत होती. भाषाविकास मंद असलेला मुलगा थांबेचना.

तिच्या अहवालात एकच दुरुस्ती केली. "बोलत नाही" खोडून "मराठीत बोलला नाही" लिहिलं. अशा एका शब्दावर मूल कुठल्या यादीत जातं आणि पुढे त्याच्याशी कोण कसं वागतं, हे ठरतं.

अंगणवाडीत तर गाणी आणि खिचडी. त्यात विद्यापीठात शिकण्यासारखं काय आहे?

बऱ्याच विद्यार्थ्यांच्याही मनात हेच असतं, फक्त ते बोलत नाहीत.

आधी शब्दच घ्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडत नाहीत, म्हणून कुरणशाळा. तान्हं भावंड सांभाळावं लागतं म्हणून मोठी बहीण येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात. मूल का येत नाही ते शोधायचं आणि त्याप्रमाणे शाळेची जागा, वेळ, आकार बदलायचा. माझ्या मते बालशिक्षणावरचा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं. लोकांना त्यातली खिचडीच दिसते, त्याला कारणही आहे. ती रोज मोजली जाते, गाणी मोजली जात नाहीत.

वर्गात तुम्ही दंडाचा घेर मोजायची पट्टी हातात घ्याल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर तांबडा रंग, ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा. सेविका 'सॅम' आणि 'मॅम' म्हणतात, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित. पट्टी लावायला दहा मिनिटांत शिकता. डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी आवळायची नाही. पण मूल तांबड्यात आलं, पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं, आणि आई म्हणते, "मी तिकडं राहिले तर घरच्या दोघांना कोण करून घालणार?" तिथून समाजकार्य सुरू होतं. त्याची पट्टी नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरला आहे. त्यामुळे अंगणवाडीतल्या शिक्षणाकडे आता वरूनही लक्ष आहे, सेविकांची प्रशिक्षणं वाढली आहेत. ती प्रशिक्षणं द्यायला माणसं लागतात. तुमच्यातल्या काहींची पहिली नोकरी तिथंच असेल.

'सामाजिक विविधता' या पेपरात काय असतं? वर्गात जातीबद्दल खरंच बोलतात?

बोलतात, आणि पहिले दोन-तीन तास भयंकर अवघड जातात. कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्याकडे आता असं काही नाही." मग मी सगळ्यांना आपापल्या गावचा नकाशा काढायला सांगते: विहीर, देऊळ, शाळा, अंगणवाडी, आणि कोणती आळी कुठे. नकाशे भिंतीवर लावले की फार बोलावं लागत नाही. अंगणवाडी कुठल्या आळीत आहे आणि कुठल्या आळीतून तिथं पोचायला ओढा ओलांडावा लागतो, ते सगळ्यांना दिसतं.

पेपरात जात, जमात, धर्म, लिंगभाव, अपंगत्व, भाषा, स्थलांतर असे घटक असतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमाती ९.३५ टक्के. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित जमाती. मेळघाटात घरी कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तांड्यावर गोरमाटी. आणि अंगणवाडीचा तक्ता मात्र सगळीकडे 'अ अननसाचा'. विमुक्त जमातींचा इतिहास वेगळा शिकावा लागतो. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांची सुटका १९५२ मध्ये झाली, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या पालाकडे वळते, ते पालावरच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. खाकी बघून पळणाऱ्या मुलाला तुम्ही 'वर्तनसमस्या' लिहिणार असाल तर हा पेपर पुन्हा द्या.

स्थलांतराचं उदाहरण ऊसतोडीचं. बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर. मूल त्या हिशेबात कुठेच नसतं, पण ते बैलगाडीत असतं. हंगामभर कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत राहतं, पहाटे आईबरोबर फडात जातं, आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळते. नाव गावच्या अंगणवाडीत, पोट फडात. माझा एक विद्यार्थी कारखान्यावर ब्लॉक प्लेसमेंटला गेला होता. त्यानं डाव्या रकान्यात लिहिलं होतं: "कोपी ४१. सहा वर्षांखालची मुलं ५८. जवळची अंगणवाडी दीड किलोमीटर. मधे ट्रॅक्टरचा रस्ता." उजवीकडे काहीच नव्हतं. त्याला मी त्या वर्षीचे सगळ्यात जास्त गुण दिले.

मी स्वतः पालावर वाढलो. मला हे वर्गात बसून काय शिकवणार?

हा प्रश्न एका मुलानं मला तोंडावर विचारला होता, आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याला जे माहीत होतं ते आमच्या पुस्तकांत नव्हतं. पण त्याला शासन निर्णय वाचता येत नव्हता, दाखल्यासाठी अर्ज कुणाकडे आणि अपील कुणाकडे हे माहीत नव्हतं, आणि आपल्या पालापलीकडच्या पारधी वस्तीबद्दल त्याचेही पूर्वग्रह होते. हे तीन शिकायला तो आला असं समजा. आणखी एक सांगते. तुमच्या घरची गोष्ट वर्गात सांगायची की नाही, हा निर्णय तुमचा. कुठल्याही शिक्षकाला तुमचा 'नमुना' करायचा हक्क नाही. कुणी केला तर स्पष्ट नाही म्हणा.

कायदे किती शिकावे लागतात?

वकिलाइतके नाही, पण फौजदारासमोर अडखळणार नाही इतके. बाल न्याय अधिनियम २०१५ रोज लागतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बालकल्याण समितीपुढे जातं, तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य. कायद्याशी संघर्ष आलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे, तिथं न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते सदस्य बसतात, त्यांतली एक तरी स्त्री. दोन्हींत गल्लत केली की मूल चुकीच्या दारात जातं. पोक्सो २०१२ या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, पोलीस गणवेशात नकोत, आणि गुन्ह्याची माहिती असून ती न देणं हाही गुन्हा. हे शेवटचं विद्यार्थ्यांना दचकवतं. "ताई, कुणाला सांगू नका हं" असं एखादी मुलगी म्हणाली तर काय कबूल करायचं आणि काय नाही, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवतो.

दत्तकविधानही इथंच येतं. आईनं मूल स्वाधीन केलं तरी तिला फेरविचाराला ६० दिवस असतात. ते दिवस तिच्यासोबत कसे काढायचे हे कायद्यात लिहिलेलं नाही.

मी मुलगा आहे. बालविकास घेतलं तर लोक हसतील का?

हसतील, साधारण सहा महिने. नंतर वस्तीतली पोरं तुमच्या अंगाखांद्यावर लोंबकळायला लागली की हसणारेच त्यांना हाका मारून दमतात. एक अडचण खरी आहे: अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या पदासाठी महिलाच घेतात. बालविकास प्रकल्प अधिकारी, बाल संरक्षण कक्ष, संस्थांची कामं, अध्यापन या वाटा मोकळ्या आहेत.

मराठीतून शिकता येतं का?

बऱ्याच महाविद्यालयांत उत्तरपत्रिका आणि क्षेत्रकार्य अहवाल मराठीतून लिहिता येतात. प्रवेशाआधी विचारून घ्या. पुस्तकं मात्र बरीचशी इंग्रजीत, त्यामुळे वाचण्यापुरतं इंग्रजी करावंच लागतं. उलट मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मी गावाकडची मराठी शिकायला पाठवते. 'सशक्तीकरण' म्हणून बचतगटात उभं राहिलं की बायका एकमेकींकडे बघतात.

नोकरी लागते का? पगार?

लागते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि संस्थांमध्ये व सरकारी प्रकल्पांमध्ये बऱ्याचदा कराराचं काम असतं. कुणी वेगळं सांगत असेल तर तो महाविद्यालयाची जाहिरात करतोय. कामं कुठं? जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं, दत्तक संस्था, रुग्णालयांतले वैद्यकीय समाजसेवक, कारखान्यातले कामगार कल्याण अधिकारी, पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष. हे कक्ष टिसनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या प्रयोगातून आले. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ मध्ये टिसच्याच क्षेत्रकृती प्रकल्पातून उभी राहिली. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर एमपीएससी. शिकवायचं तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. मनोरुग्णालयात मानसोपचार समाजकार्यकर्ता व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीवर त्याच विषयातलं दोन वर्षांचं एम.फिल. लागतं.

खर्चाचं काय?

महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरा, आणि जात पडताळणी प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. शुल्कात न दिसणारा खर्च म्हणजे एसटीचं भाडं. क्षेत्रकार्याचं ठिकाण ठरताना हात वर करून सांगा की लांबचं परवडणार नाही. लाजून गप्प बसलेल्या मुलांचीच हजेरी डिसेंबरात घसरते.

नोकरी करत, घरून करता येईल?

इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं एम.एस.डब्ल्यू. दूरशिक्षणातून होतं, पण क्षेत्रकार्य त्यातही सुटत नाही. नुसतं बालसंगोपन आणि बालशिक्षण शिकायचं तर इग्नूचीच बारावीनंतरची पदविका आहे. अंगणवाडी सेविका आणि बालवाडी चालवणाऱ्या बायकांना मी तीच सुचवते.

हे सगळं बघून मन खचत नाही?

खचतं. बालगृहातून पहिल्यांदा परत आल्यावर रात्री जेवण जात नाही. एक विद्यार्थिनी एका मुलीला घरी न्यायला निघाली होती, तिला बसस्टँडवरून परत आणलं. त्यासाठीच दर आठवड्याची पर्यवेक्षकाबरोबरची बैठक असते, ती अहवालावर सही घेण्यापुरती वापरू नका. रडायचं असेल तर तिथं रडा. संस्थेतल्या मुलासमोर नको, त्याला मग तुम्हाला सांभाळावं लागतं.

पहिल्या दिवशी काय आणू?

पाण्याची बाटली. चिखलात चालतील अशा चपला. दोनशे पानी लांब वही, प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारून. महागडा मोबाइल पिशवीतच राहू द्या, मुलांचे फोटो तसेही काढायचे नाहीत. आणि खाऊ आणू नका. पहिल्या दिवशी खाऊ नेला की दुसऱ्या दिवशी मुलं तुमच्या तोंडाकडे न बघता पिशवीकडे बघतात.